गृहिणीचा उजवा हात आणि गृहस्थाचे कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या परभणी येथील वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



मी काहीतरी शैक्षणिक बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा होती. आयुष्यभर खडू हाती धरलेल्या मॅट्रिक मास्तराकडून तेवढीच अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर अधिकारी व्यक्तींनी विपुल सांगितले आहे. त्यात मी नवी भर घालू शकेन असे वाटत नाही. म्हणून आज मी एका घरगुती विषयावर बोलण्याची अनुज्ञा मागतो. घरातील गृहिणीच्या हातावर शस्त्रक्रिया झाली आणि ती घरी परतली, तर गृहस्थाने काय करावे, हा तो विषय होय. सभेत बोलण्याजोगा हा विषय नव्हे असे काहींना वाटेल. तथापि आपल्या समाजात साठीच्या घरात आलेली जी जोडपी आहेत, त्यांपैकी पुष्कळांच्या दारी हा प्रसंग येऊन गेला आहे किंवा यावयाचा आहे. मुले पुण्या-मुंबईस, मुली आपापल्या घरी, आणि वाड्यात दोघेच, अशी आज सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेड येथील कितीतरी घरांची स्थिती आहे.

गतवर्षी भाद्रपदाच्या अखेरीस, नवरात्रापूर्वी घर धुऊन काढण्याच्या गडबडीत, माझी पत्नी न्हाणीपुढील ओल्या शहाबादी फरशीवर घसरली. पडताना तिने उजवा हात पुढे टेकला आणि मनगटाजवळचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडले. हाडाचे तुकडे सरकले असल्याने धातूची प्लेट आणि स्क्रू घालून ते बसवावे लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. येथून पुढे जे घडले ते एका घरापुरते असले, तरी त्यातून निघणारे विचार सर्वांच्या उपयोगी पडतील, या भावनेने ते आपणापुढे ठेवतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून शुश्रूषा करणारा. मंचाच्या चार खुरांप्रमाणे हे चारही बळकट असावे लागतात. शस्त्रक्रियेचे बिल आपण देतो, औषधांच्या पुड्या पिशवीत भरून आणतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. परंतु चिकित्सेचा जो चौथा हिस्सा घरी उरतो, तो कोणाच्या माथी, याचा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो. पुरुष आजारी पडला की उपस्थाता ठरलेलाच असतो, ती पत्नी. पत्नी आजारी पडली की मात्र उपस्थात्याचा शोध सुरू होतो. लेकीला सासरहून बोलवा, सुनेची रजा काढा, मेहुणीला कळवा! माझ्या मुलीने आणि मुलाने दोघांनीही येण्याची तयारी दर्शविली. मुलगी आठ दिवस राहिली. तिच्या मुलांच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, म्हणून आम्ही दोघांनीच तिला निरोप दिला. निवृत्त मनुष्याजवळ दुसरे काही नसले तरी वेळ असतो, आणि शुश्रूषेला प्रथम लागतो तो वेळच.

चरकाने उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता म्हणजे कामातील कुशलता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. मी माझे बोलणे या चार गुणांच्या अनुरोधानेच करणार आहे.

प्रथम उपचाराचे ज्ञान. याचा आरंभ रुग्णालयात नव्हे, तर पडल्या ठिकाणीच होतो. हात मोडला असा संशय येताच त्या हातातील बांगड्या, पाटल्या, अंगठ्या सूज चढण्यापूर्वी उतरवाव्यात. सौभाग्यवतीचा हात रिकामा करू नये, अशा समजुतीने वडीलधाऱ्या स्त्रिया येथे अडवितात. त्यांची भावना मी जाणतो. परंतु सुजलेल्या मनगटावर बांगडी म्हणजे आवळलेला फास होय, आणि सुजलेल्या बोटातील अंगठी रक्ताची वाट अडविते. दुसऱ्या हातात बांगड्या आहेतच, आणि सौभाग्य काही काचेच्या वर्तुळात बांधलेले नाही. आमच्या शेजारच्या काकूंनीच पुढे होऊन तेलाचे बोट लावून बांगड्या उतरविल्या, एक उतरेना ती वाढविली, आणि मग रुमालाची झोळी करून हात गळ्यात अडकविला. त्या निरक्षर बाईंना या क्षणी काय करावे हे अनेक पदवीधरांहून अधिक कळले.

दुसरी गोष्ट हाड बसविणाऱ्यांची. आपल्या जिल्ह्यात अजूनही मोडलेल्या हातावर तेल चोळून बांबूच्या कांबी आवळून बांधणारे आहेत आणि त्यांच्याकडे जाणारेही आहेत. मी कोणाची निंदा करीत नाही. पूर्वी क्ष-किरण नव्हते, दवाखाने दूर होते, तेव्हा त्यांचाच आधार होता. पण आपली प्राचीन विद्या यांच्या बाजूने आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने सुश्रुतसंहितेतील भग्नचिकित्सा पाहावी. बंध सैल पडला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाला तर सूज, वेदना व पाक होतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. बंध थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पाहावा, असेही सांगितले आहे. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत मांडले: आवळलेल्या बंधाखाली रक्तपुरवठा तुटला की हाताचे स्नायू मरतात आणि पंजा कायमचा वाकडा होतो. म्हणून चोळणे नको, आवळणे नको. आधी क्ष-किरण चित्र काढावे.

या क्ष-किरणांची एक हकीकत विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी आनंद वाटे. विल्हेल्म रोंटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात या किरणांचा शोध लागला, आणि २२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी ज्या हाताचे चित्र घेतले तो त्यांच्या पत्नीचा, बेर्था यांचा, हात होता. त्या चित्रात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसते. रुग्णालयात तंत्रज्ञाने माझ्या पत्नीच्या मनगटाचे चित्र प्रकाशापुढे धरले, तेव्हा मला त्या हकीकतीची आठवण झाली. सदतीस वर्षे ज्या हाताने वाढलेले जेवलो, तो आतून कसा आहे हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

शस्त्रक्रियेनंतरचे नियम थोडे आहेत, पण ते पाळण्यास डोळ्यांत तेल घालावे लागते. पुष्कळदा संपूर्ण भूल न देता केवळ हात बधिर करतात. ती बधिरता कित्येक तास टिकते. तोवर हात झोळीतच ठेवावा, कारण तो कोठे आपटला वा भाजला तरी रुग्णास कळत नाही. पहिले काही दिवस पंजा हृदयाच्या पातळीहून वर, उशांवर ठेवावा म्हणजे सूज उतरते. बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलवावीत: पूर्ण मूठ, पूर्ण उघडा पंजा. बोटे निळसर, पांढरी किंवा गार पडली, बधिर झाली, गोळ्या घेऊनही वेदना वाढतच गेली, ताप आला, जखमेतून पू किंवा दुर्गंधी आली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांस दाखवावे. टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी काढतात. हाड जुळून येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात आणि हाताला पूर्वीचे बळ येण्यास कित्येक महिने जातात. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, नाहीतर जखम रेंगाळते. तंबाखू आणि मिश्री यांनी हाडाचे जुळणे मंदावते. म्हणून त्या घरात येऊच देऊ नयेत. शाळेत तासांचे वेळापत्रक लावावे तसे मी औषधे, व्यायाम आणि तपासणीचे वेळापत्रक पत्र्याच्या पेटीवर चिकटविले. स्मरणशक्तीवर विसंबण्याचे वय आता राहिले नाही.

जाता जाता एक सूचना. शासनाची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. आपल्या शस्त्रक्रियेस तिचा लाभ मिळतो किंवा नाही, हे दाखल होण्यापूर्वीच शिधापत्रिका आणि आधारपत्र घेऊन त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे. बिल भरल्यानंतर विचारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरा गुण दक्षता, म्हणजे कामातील कुशलता. येथे पुरुषांची खरी परीक्षा आहे. गृहिणीचा उजवा हात झोळीत गेला की घरात किती कामे त्या एका हाताने होत होती, याची मोजदाद होते. डब्याचे झाकण, पदराचे टोक, पातेल्याचा काठ, नळाची तोटी, वातीचे पीळ, कुकरची शिटी! या सर्वांना दोन हात लागतात. आणि आपल्या मराठवाड्याची ज्वारीची भाकरी, ती तर दोन्ही तळहातांची विद्या! 'परभणी मोती' हे उत्तम ज्वारीचे वाण आपल्याच कृषी विद्यापीठाने दिले. परंतु त्या ज्वारीची भाकरी काठवटीत कशी होते हे आपल्यापैकी किती पुरुषांना ठाऊक आहे?

मी ते साठीनंतर शिकलो. माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसे आणि मी काठवटीपुढे. गव्हाच्या पिठाला अंगचा चिकटपणा असतो, ज्वारीच्या पिठाला नसतो; म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेने मळावे लागते. भाकरी थापून तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते सुकत आले की उलटायची आणि अखेरीस विस्तवावर फुगवायची. ती म्हणे, "अहो, दाबू नका, थापा. दाबलं की चिरते." मी म्हणे, "गुरुजींना आता गुरू मिळाला." या शिकवणीत आम्हा दोघांचेही मन रमले. तिला आपल्या विद्येचे मोल कळले आणि मलाही.

भांडी घासताना मला पाहून आमच्या आळीतील एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, हे काय आरंभिलंत? बाई लावा की." बाई लावण्यास माझा विरोध नाही, धुण्यासाठी आम्ही लावलीही. पण त्या प्रश्नात जी लाज होती तिचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या जात्याशी पंढरीचा विठ्ठल दळू लागला, असे आपण शतकानुशतके श्रद्धेने सांगत आलो. देवाने जात्याच्या खुंट्याला हात लावला तर त्याचे देवपण कमी झाले असे कोणी म्हटले नाही. उलट ते वाढले. मग गृहस्थाने राखेने तवा घासला तर त्याचे गृहस्थपण कसे कमी होईल? महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे की, धाकटे पुत्र देवदास यांच्या जन्माच्या वेळी, म्हणजे १९०० मध्ये, ऐनवेळी मदत न मिळाल्याने त्यांनी स्वतः प्रसूती केली. त्यासाठी त्यांनी आधीच त्या विषयाचा अभ्यास करून ठेवला होता. मी यातील शेवटच्या वाक्याकडे आपले लक्ष वेधतो. वेळ येण्यापूर्वीच त्यांनी शिकून ठेवले होते.

तिसरा गुण शुचिता. जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवावी, हे सर्वजण सांगतात. स्नानाच्या वेळी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून वर सैलसर बांधावी आणि तो हात पाण्याच्या धारेपासून दूर धरावा. न्हाणीत पाटाऐवजी प्लास्टिकचे स्टूल ठेवावे, कारण खालून उठताना मनुष्य नकळत हात टेकतो, आणि तोच हात टेकावयाचा नसतो. शौचकूपातही शक्य तर खुर्चीची सोय करावी. कपडे चढविताना दुखरा हात आधी, उतरविताना तो शेवटी, हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे निम्मा त्रास वाचतो. बाह्या सैल असाव्यात. साडीऐवजी काही दिवस गाऊन वापरावा; घरात कोण येते-जाते याची चिंता त्या दिवसांत करू नये.

याहून नाजूक गोष्ट अशी की, उजवा हात निकामी झाल्यावर शौच आणि जेवण ही दोन्ही कामे डाव्याच हाताकडे येतात. डाव्या हाताने जेवणे हे आपल्याकडे अशुभ आणि अशिष्ट मानले जाते. माझी पत्नी पहिले दोन दिवस, "भूक नाही," असे म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी कारण कळले. मी साबण, पाणी, रुमाल न्हाणीच्या बाहेर तिच्या हाताशी येईल असे ठेवले, डाव्या हातासाठी चमचा दिला, आणि मीही डाव्या हातात चमचा घेऊन तिच्यासमोर जेवावयास बसलो. वरण माझ्या सदऱ्यावर सांडले तेव्हा ती पडल्या दिवसानंतर प्रथमच हसली. भरविण्याची घाई करू नये. ज्याला स्वतः खाता येते त्याला भरविणे म्हणजे त्याचे वय काढून घेणे होय.

येथून मी चौथ्या आणि सर्वांत कठीण गुणाकडे येतो, तो अनुराग. अनुराग म्हणजे गोड बोलणे, एवढाच अर्थ आपण घेतो. परंतु शुश्रूषेतील अनुराग हा पाहण्यात आणि ऐकण्यात असतो. चरकाने रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत. त्यांत एक असा की, आपल्याला काय होते ते त्याने नीट सांगावे. आपल्या घरच्या स्त्रिया नेमक्या येथे उण्या पडतात. दोष त्यांचा नाही. जन्मभर त्यांनी दुसऱ्याचे दुखणे विचारले. त्यांचे कोणी विचारले नाही, म्हणून सांगण्याची सवय लागली नाही. "दुखतं का?" असे विचारले की "नाही" हेच उत्तर येते. म्हणून "रात्री किती वेळा जाग आली? बोटांना मुंग्या येतात का? मूठ कालच्यापेक्षा अधिक मिटते का?" असे विचारावे. चांगला शिक्षक "समजले का?" असे विचारीत नाही, फळ्यापाशी बोलावून गणित करावयास सांगतो.

रोज सकाळी तिचे केस विंचरून वेणी घालणे हेही माझ्याकडे आले. तीन पेडांची वेणी घालणे हे दोरखंड वळण्याइतकेच सोपे आहे, असे मी समजत होतो. तसे ते नाही. पण त्या दहा मिनिटांत ती जे बोले, ते एरवी दिवसभरात बोलत नसे. एके दिवशी तिने विचारले, "हात असाच राहिला तर?" मी तिला खोटा धीर दिला नाही. व्यायाम नियमाने केला तर बहुतेकांचे हात चांगले कामाचे होतात, थोडी अकड काहींना राहते, असे डॉक्टरांनी सांगितलेले जसेच्या तसे सांगितले. खरे सांगितल्यावर तिची भीती कमी झाली.

आता मी माझ्या भाषणाच्या मुख्य मुद्द्यापाशी आलो आहे. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही हात बिघडतो, तो दोन मार्गांनी. पहिला मार्ग असा की, घरातील काम कोणी उचलत नाही. खरकटी भांडी पाहवत नाहीत, देवघरातील निर्माल्य पाहवत नाही, म्हणून गृहिणी तिसऱ्या आठवड्यातच उठते, बादली उचलते, कपडे पिळते, आणि कच्च्या हाडावर भार येतो. दुसरा मार्ग याच्या उलट. घरातील सर्वजण प्रेमाने म्हणतात, "हात हलवू नकोस हं, विश्रांती घे." ती झोळीतून हात काढीत नाही; बोटे आखडतात, कोपर आखडते, ज्या खांद्याला काहीच झाले नव्हते तोही आखडतो. हाड जुळते पण हात गोठतो. पहिल्या घरात अनास्था होती आणि दुसऱ्या घरात माया. फळ मात्र एकच. म्हणून माझे सांगणे एका वाक्यात असे आहे: रुग्णाकडून काम काढून घ्यावे, हालचाल काढून घेऊ नये. भार आपण उचलावा, मूठ तिची तिनेच मिटावी.

हे आजचे डॉक्टरच सांगतात असे नाही. तळहात मोडलेल्या माणसाने तो सुधारू लागल्यावर प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, नंतर मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असे सुश्रुतसंहितेत लिहिले आहे. हलक्यापासून जडापर्यंत, मऊपासून कठीणापर्यंत! दोन सहस्र वर्षांच्या आसपासचे हे ज्ञान आणि आजचे फिजिओथेरपीचे शास्त्र यांत तत्त्वाचा भेद नाही. क्रम कोणता आणि केव्हा, हे मात्र आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे, कारण प्रत्येक मोड निराळी असते.

आमच्या घरी हा क्रम असा झाला. पहिल्या दिवसापासून बोटे, खांदा आणि कोपर. डॉक्टरांनी मनगट मोकळे करण्यास सांगितल्यावर कोमट पाण्यात हात ठेवून ते वर-खाली करणे, पळी वळवावी तसा पंजा उलटा-सुलटा करणे. दुखे, डोळ्यांत पाणी येई. परंतु दुखणे आणि इजा होणे यांतील भेद तिला कळू लागला. व्यायाम संपल्यावर थोड्या वेळात वेदना उतरली तर चिंता नाही. रात्रभर राहिली वा सूज वाढली तर तो व्यायाम अधिक झाला असे समजावे. दिवाळी तशीच गेली. फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला, आणि मला जमला तेवढा चिवडा मी केला. मार्गशीर्षात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या. तिने सुपात शेंगा घेतल्या आणि म्हणाली, "या मी सोलणार. तुम्ही हात लावायचा नाही." अंगठा आणि दोन बोटे यांनी शेंग दाबून उकलणे यापरता चांगला व्यायाम नाही. पहिल्या दिवशी वाटीभर दाणे व्हावयास तासाहून अधिक वेळ लागला. तो तास काहीही न करता समोर बसून राहणे, ही मी केलेल्या शुश्रूषेतील सर्वांत अवघड गोष्ट होती. हात शिवशिवत, परंतु काम तिचे होते. संक्रांतीपर्यंत तिने पीठ मळावयास घेतले आणि हळदीकुंकवाच्या दिवशी उजव्या हातात पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या.

भगिनींनो, दोन शब्द आपल्यासाठी. असे हाड एवढ्याशा पडण्याने का मोडते? डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या ८१ वर्षे आधी, मनगटाच्या या मोडीचे वर्णन केले. आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ऋतुप्राप्ती थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात, आणि पडताना टेकलेल्या हातावर सारे वजन आले की प्रथम मनगट जाते. हे विरळपण दुखत नाही, म्हणून कळत नाही. मनगटाची मोड ही पुढच्या खुब्याच्या मोडीची पूर्वसूचना समजून हाडांची घनता तपासून घ्यावी आणि औषधाविषयी डॉक्टरांस विचारावे. या वयात शरीरास रोज सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, लागते. दुधाच्या एका पेल्यात ते सुमारे अडीचशे मिलिग्रॅम असते. सर्वांना वाढून उरेल ते दूध प्यावयाचे, या रीतीने हा हिशेब कधीच जुळत नाही. दही-ताक, तीळ, राजगिरा, नाचणी, शेवग्याचा पाला ही आपल्या बाजारात मिळणारी द्रव्ये आहेत. अंगावर थोडे ऊन घ्यावे, रोज चालावे. आणि न्हाणीपुढील शेवाळलेली फरशी खरवडून घ्यावी, तेथे भिंतीला धरावयास एक दांडी ठोकावी. या दांडीचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या मानाने किती, हे मी सांगावयास नको.

शेवटी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या वसतिगृहातील मुलांना आठवड्यातून एक दिवस स्वयंपाक आणि रुग्णशुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण द्यावे. मुलींना ते न शिकविताही अंगावर पडते. मुलांना शिकविल्यावाचून येत नाही. दुसरी, मंडळाच्या कार्यालयात एक कपाट असावे आणि त्यात हाताच्या झोळ्या, स्नानाची स्टुले, शौचाच्या खुर्च्या, काठ्या, चालण्याच्या चौकटी ठेवाव्यात. ज्या घरी गरज असेल त्यांनी न्याव्यात आणि काम झाल्यावर स्वच्छ करून परत कराव्यात. आम्ही विकत घेतलेले स्टूल आणि झोळी मी आज या कपाटासाठी मंडळाकडे सुपूर्त करीत आहे. तिसरी, पन्नाशीपुढील भगिनींसाठी वर्षातून एकदा हाडांच्या तपासणीचे शिबिर भरवावे.

बंधूंनो, विवाहात आपण वधूचा उजवा हात धरतो आणि त्या विधीला पाणिग्रहण म्हणतो. पुढे वर्षानुवर्षे तो हात आपल्याला वाढतो, आपली मुले निजवितो, आपले अंथरूण घालतो. आणि आपण तो धरला होता हे विसरून जातो. तो दुखावला म्हणजे पुन्हा धरावा, आणि बरा होत आला की हलकेच सोडावा, एवढेच मला सांगावयाचे होते.